उघडलेल्या पानांची सरासरी

आमच्या ऑफिसात देव दोन. एक रिसेप्शनवरचा गणपती, त्याला रोज एक जास्वंद मिळते. दुसरा आतल्या भिंतीवरचा भलामोठा स्क्रीन, त्याच्यासमोर रोज सकाळी अख्खी कंपनी उभी राहते. त्या स्क्रीनवर एक हिरवी रेघ असते. रेघ खाली असली म्हणजे आमच्या वेबसाइटी झटपट उघडतायत, वर चढली म्हणजे रखडतायत. मालक हितेश सर चहाचा कप घेऊन येतात, रेघ बघतात आणि नातू झाल्यासारखे खूश होतात. "ग्रीन आहे. चला, लागा कामाला," म्हणतात आणि आम्ही लागतो.

मी रुपाली. घोडबंदर रोडवरच्या या कंपनीत वेबसाइटी बांधते आणि राहते कळव्याला. माझी जीभ तिखट आहे असं ऑफिसात म्हणतात. घरी कोणाला ते जाणवत नाही, कारण घरी सगळ्यांचीच तशी आहे.

ही रेघ येते कुठून ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. तुम्ही फोनवर एखादी साइट उघडता तेव्हा पानाबरोबर एक चिमुकला प्रोग्रामही तुमच्या फोनात उतरतो. तो दिसत नाही. कोपऱ्यात बसून तो बघत राहतो की पान कधी मागितलं, पहिलं अक्षर कधी दिसलं, बोट कुठे टेकलं, कुठे अडखळलं, फोन कोणता, गाव कोणतं. पान पुरतं उघडलं की या सगळ्याचं गाठोडं बांधून तो आमच्याकडे पाठवतो. अशी हजारो गाठोडी जमली की त्यांची सरासरी निघते आणि भिंतीवर रेघ उमटते.

कल्पना वाईट नाही. पण आमच्याकडे कुठलीच गोष्ट एकावर भागत नाही. सरांनी वेग मोजणारा प्रोग्राम घेतला, तर मार्केटिंगवाल्यांनी बोटं मोजणारा आणला. मग कोणाला तरी वाटलं की माणूस पानावर काय काय करतो याचं अख्खं चित्रीकरणच हवं. मग त्या चित्रीकरणावर लक्ष ठेवणारा एक आला. प्रत्येक नव्या मॅनेजरने येताना आपापला एक आणला आणि जाताना तो इथेच सोडून गेला. मुलगी बघायला मुलगा आणि आईबाप येणार म्हणून पोहे भिजवावेत आणि दारात टेम्पो भरून माणसं उतरावीत, तशी त्या पानाची गत झाली. हे वऱ्हाड आधी फोनात शिरायचं आणि जागा उरली तर पान.

या सगळ्यावर देखरेख चांगदेवची. तो जुन्नरकडचा. कपाळाला अष्टगंध, डब्यात भाकरी, बोलणं मोजकं. हाताला हुशार आणि मनाने सरळ माणूस आहे. त्याला सांगितलेलं काम तो शब्दाला शब्द करतो. हा गुण आहे की दोष ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं सगळ्यात मानाचं गिऱ्हाईक म्हणजे एक धर्मादाय ट्रस्ट. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांना तो फुकट डायलिसिस देतो. त्याची केंद्रं तीन, डोंबिवलीला, कळव्याला आणि घोडबंदर रोडला. पूर्वी माणसं यायची, बाकावर बसायची आणि सिस्टर हाक मारायची. मग ट्रस्टला पारदर्शकतेचा झटका आला. प्रत्येकाने आपली पाळी दर आठवड्याला साइटवर लावायची असं ठरलं. साइट आम्ही बांधली आणि वऱ्हाडही आम्हीच चढवलं.

कळव्याच्या केंद्रात माझी मालन आत्या जायची. तरुणपणी मिठागरात घमेली वाहिलेली बाई. आता आठवड्यातून तीनदा हाताला नळ्या लावून मशीनजवळ पडून राहायची. केंद्र घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. तिथून निघाल्यावर तिच्यात जो काही जीव उरायचा तो घरी पोचण्यापुरता पुरायचा. ते केंद्र होतं म्हणून आत्या होती, इतकं ते सरळ होतं.

आत्याचा फोन म्हणजे माझ्या भावाने टाकून दिलेला जुना, तडा गेलेला डबा. डोंगराकडच्या आमच्या चाळीत नेटवर्क यायचं ते उपकार केल्यासारखं. ती पाळी लावायला बसली की फोनवर पांढराफटक पडदा. ती बघत बसायची, फोन हलवायची, खिडकीत धरायची. शेवटी "जल्ला तुजा पान" म्हणून उशीखाली सारायची. मी घरी असले तर माझ्या फोनवरून लावून देईन म्हणायचे, पण तिला ते नको असायचं. बाकीच्या पेशंटांना कुठे भाची आहे, असं तिचं म्हणणं. कळव्याच्या बहुतेक पेशंटांची हीच रड होती. मग सगळे सरळ केंद्रात जाऊन बसायचे आणि जया सिस्टर त्यांना घ्यायची. "मशीन काय साइटला विचारून रक्त साफ करतं?" ती म्हणायची.

यात मेख कुठे होती बघा. गाठोडं निघायचं ते पान पुरतं उघडल्यावर. कंटाळून ज्याने फोन उशीखाली सारला, त्याचं गाठोडं कधी निघालंच नाही. म्हणजे दार उघडं होतं का, हे आम्ही फक्त आत पोचलेल्यांना विचारत होतो. ते सगळे साहजिकच हो म्हणत होते. कळवा जसजसा गळत गेला, तसतशी सरासरी सुधारत गेली आणि रेघ देखणी होत गेली. सरांनी त्या महिन्यात सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. मीही खाल्लं.

नवरात्राच्या थोडं आधी ट्रस्टची मीटिंग झाली. ट्रस्टकडून सुमतीताई आल्या. नौपाड्यातल्या निवृत्त प्राध्यापिका, बोलणं स्वच्छ, मन खरंच चांगलं. सरांनी साइटवरच्या भेटींचा नकाशा दाखवला. घोडबंदरवर परातीएवढं हिरवं वर्तुळ, डोंबिवलीवर वाटीएवढं आणि कळव्यावर काहीच नाही.

"कळव्यात मागणीच नाही, ताई," सर म्हणाले.

"पण तिथे डायलिसिसचं साहित्य तर दर महिन्याला संपतं," ताई म्हणाल्या.

"तेच तर. यूजर नाहीत आणि साहित्य संपतंय. याला वेस्टेज म्हणतात."

मला राहवेना. "सर, माणसं येतात तिथे. माझी आत्या जाते. पेज उघडत नाही म्हणून नुसती जाऊन बसतात."

"रुपाली, आत्या हे एक उदाहरण झालं," सर शांतपणे म्हणाले. "उदाहरणाला डेटा म्हणत नाहीत."

कळव्याची मशीनं घोडबंदरला हलवायची का, ते दसऱ्यानंतर ठरवू असं म्हणून मीटिंग संपली. घरी जाऊन मी आत्याला हे सांगितलं नाही. ती भाकऱ्या थापत होती आणि तिचे पाय त्या दिवशी बरे होते.

खंडेनवमीला आमच्याकडे धमाल असते. लॅपटॉप, माऊस, प्रिंटर, झालंच तर कॉफीचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. भिंतीवरच्या स्क्रीनला झेंडूचा जाडजूड हार. आदल्या दिवशी सर सहज बोलून गेले होते, "चांगदेव, उद्या सगळी हत्यारं पूजेला ठेव." आता सरांच्या मनात लॅपटॉप होते. पण चांगदेवच्या गावी खंडेनवमीला पूजेला मांडलेला विळा भाजीलाही लावत नाहीत. त्याने विचार केला की आपली हत्यारं कोणती, आणि सकाळी आंघोळ करून त्याने सगळ्या साइटींवरून ते वऱ्हाड उतरवलं. दसऱ्याला पूजा उचलली की परत चढवायचं, अशी चोख व्यवस्थाही करून ठेवली. स्क्रीनवर त्या दिवशी काहीच नव्हतं, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. रेघेच्या जागेवर झेंडू लोंबत होता.

प्रसाद चालू असताना आत्याचा फोन आला.

"रूपे, उगरला गो."

"काय उघडलं?"

"तुजा पान. बोट लावला नी उगरला. मी पाली लावली. बाजूच्या म्हातारीची पन लावली. तुना काय केलास?"

मी काहीच केलं नव्हतं. मी लॅपटॉपवरचं हळदकुंकू पुसून बघितलं, तर कळव्याच्या पाळ्या धडाधड लागत होत्या. इतके महिने जे पान कोणाला दिसलं नव्हतं, ते त्या दुपारी अख्ख्या कळव्यात उघडत होतं. मी चांगदेवला गाठलं.

"आज काय बदललंस तू?"

"काहीच नाही. हत्यारं पूजेला ठेवली," तो म्हणाला. "हत्यार चालू ठेवून पूजा होत नाही ना, मॅडम."

मी त्याला कळव्याच्या पाळ्या दाखवल्या. त्याने त्या खालपर्यंत सरकवून बघितल्या.

"म्हणजे आपण बघत होतो म्हणून ते उघडत नव्हतं?"

"हो रे बाबा."

त्याने हातातला प्रसाद खाली ठेवला. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की मी घरी जाताना टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरून आले. मी तशी देवभोळी नाही.

दसरा झाला. मीटिंग भरली. मी आत्याचा फोन पर्समध्ये घालून नेला होता, पण आधी सर बोलले. त्यांनी खंडेनवमीचा दिवस स्क्रीनवर आणला. रेघ नाही, वर्तुळ नाही, सगळं कोरं.

"या दिवशी साइटवर एकही माणूस आलेला नाही, हे ग्राफ सांगतोय," ते म्हणाले. "आणि त्याच दिवशी कळव्यातून ढीगभर बुकिंग. माणूस न येता बुकिंग कोण करतं? बॉट. कोणीतरी खोडसाळपणा केलाय. म्हणून मी नवीन रूल टाकलाय. ज्या बुकिंगच्या मागे भेटीचा माग नाही, ते रिपोर्टमध्ये धरायचं नाही."

चोर पकडायला वॉचमन नव्हता, म्हणून घरातले सगळेच चोर, असं ते तर्कशास्त्र होतं. मी सगळं समजावलं. नजर ठेवणारेच कसे वाट अडवतात, गाठोडं कधी निघतं, खंडेनवमीला काय झालं. सर चांगदेवकडे वळले.

"चांगदेव, डेटा चुकीचा आहे का आपला?"

"नाही सर. आलेला डेटा बरोबर आहे."

"आणि न आलेला?" मी विचारलं.

"तो आला नाही, मॅडम," चांगदेव म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

मी आत्याचा फोन सुमतीताईंच्या हातात दिला. "ताई, याच्यावर पाळी लावून बघा." वऱ्हाड एव्हाना परत चढलेलं होतं. ताईंनी बोट टेकलं. पांढरा पडदा आला. चहा आला. ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बंद पडला का गं हा?"

"चालू आहे, ताई. रोज असाच चालू असतो."

ताई समजल्या. त्यांना समजायला काही अवघड नव्हतं, कोणी फोन हातात द्यायला हवा होता इतकंच. कळव्याच्या पानावरून ही सगळी देखरेख काढून टाका आणि केंद्र आहे तिथेच राहू द्या, असं त्यांनी सांगितलं. सर हसून "शुअर, ताई" म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढचे काही महिने सुखाचे गेले. आत्या स्वतः पाळी लावायची आणि चाळीतल्या इतरांनाही शिकवायची. वर मलाच सांगायची, "बोट जोरात नको दाबू, त्याला राग येतो." थंडीत तिचं अंगही जरा भरलं. एकदा तर तिने वालाचं बिरडं करून जया सिस्टरला नेऊन दिलं.

मार्च संपला आणि वार्षिक अहवाल आला. घोडबंदर परात, डोंबिवली वाटी आणि कळवा शून्य.

मी अहवाल दोनदा वाचला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कळव्याच्या पानावर नजर ठेवणारे नव्हते, म्हणून तिथल्या भेटींचा माग नव्हता. माग नव्हता, म्हणून सरांच्या रूलप्रमाणे तिथलं प्रत्येक बुकिंग खोटं होतं. कळव्याच्या लोकांना दिसायचं असेल तर त्यांना पान उघडत नव्हतं आणि पान उघडायचं असेल तर ते दिसत नव्हते. माझं डोकं असं तडकलं की मी सरळ सुमतीताईंना फोन लावला.

"अगं, कळव्यात कोणीच नाही असं आलंय," त्या हळहळून म्हणाल्या.

"ताई, तुम्हीच काढायला सांगितलेलं ना मोजणारं? मग येणार कुठून?"

"हो गं, मला आठवतंय. पण कमिटीत मी एकटी नाही. बाकीच्यांसमोर एवढा छापील अहवाल आहे. मी कशाच्या आधारावर नाही म्हणू?"

"जया सिस्टरला विचारा."

"तिने कळवलंय. पण सगळे म्हणतात, ती स्वतःची जागा वाचवायला बघणारच."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि तो रूल काढा म्हटलं. सर गंभीर झाले. "अहवाल ऑडिटला गेलाय, रुपाली. आता रूल बदलला तर डेटाशी छेडछाड होईल. आपण प्रामाणिक कंपनी आहोत." त्या माणसाला खरोखरच तसं वाटत होतं. लबाड असता तर मी भांडले तरी असते. कळव्याची मशीनं टेम्पोत घालून घोडबंदरला आली. जया सिस्टरची डोंबिवलीला बदली झाली.

आता आत्याला पाळीच्या दिवशी सकाळीच रिक्षात बसावं लागायचं. कळव्याचा पूल ओलांडायचा, ठाणं ओलांडायचं आणि मग घोडबंदर रोडच्या त्या न हलणाऱ्या गर्दीत धूर खात बसायचं. जाताना निदान अंगात पाणी साठलेलं असायचं. येताना अंगात काहीच नसायचं. आधी ती तीन पाळ्यांतली एखादी बुडवायला लागली. मग "जमल तवा जान" म्हणायला लागली. मी रागावले की म्हणायची, "तू रिक्षात बसून बग येकदा मंग बोल." मी रजा काढून तिला नेत-आणत होते, पण माझ्या रजाही संपत आल्या होत्या.

उन्हाळ्यातल्या त्या दिवशी ती एकटीच निघाली होती. मानपाड्याला कंटेनर आडवा झाला होता. ती पोचली तेव्हा तिची खुर्ची दुसऱ्या पेशंटला दिलेली होती. "उद्याची पाळी लावून या, आजी," असं तिला सांगितलं. केंद्र आमच्या ऑफिसच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये होतं. तिने मला फोन केला. मी खाली धावले. ती फुटपाथवर बसली होती. पाय एवढे सुजले होते की चपला हातात घेतलेल्या. मी तिला लिफ्टने वर आणलं आणि पंख्याखाली बसवलं.

वर नेमके पेढे वाटत होते. ट्रस्टने आम्हाला आणखी काम दिलं होतं आणि रेघ आजवर कधी नव्हती इतकी खाली आली होती. हितेश सर माणूस म्हणून आतिथ्यशील आहेत. त्यांनी स्वतः पाणी आणलं, आत्याने जेमतेम ओठ ओले केले. तिला पाणीही मोजून प्यावं लागतं.

"काकू, हे बघा," सर कौतुकाने स्क्रीनकडे हात करून म्हणाले. "ट्रस्टच्या सगळ्या पेशंटची खबर आहे यात. कोणाला त्रास झाला तर लगेच कळतं आम्हाला."

आत्याने मान वर करून बराच वेळ त्या रेघेकडे बघितलं.

"मी कुटं हाय यात?"

सर थोडे अडखळले. "तुम्ही आज उशिरा आलात ना काकू, म्हणून तुमची पाळी कॅन्सल झाली. कॅन्सल झालेली यात येत नाही."

"नी कलव्याला जात व्हती तवा?"

"तेव्हा... तेव्हा तिथलं मोजत नव्हतो."

"त्याच्या आदी?"

सरांनी पेढ्यांचा बॉक्स उचलून बाजूला ठेवला. आत्याने ऑफिसभर नजर फिरवली. कपाळावरचं गंध बघून असेल, पण ती चांगदेवपाशी थांबली.

"तू सांग रं बाबा. मी उद्या मेली तर ही रेग हालल का?"

"काय बोलता काकू," सर म्हणाले. आत्या चांगदेवकडेच बघत होती. तो जागेवरून उठून उभा राहिला.

"नाही, आत्या," तो म्हणाला. "नाही हलणार."

कोणी पेढा खात नव्हतं. मला सरांच्या अंगावर तो पेढ्यांचा बॉक्स फेकावासा वाटला. पण आत्याने माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे रूपे," ती म्हणाली. "उद्याची पाली लाव."

मी माझा फोन काढला. नवा फोन, ऑफिसचं नेट. बोट टेकायचा अवकाश, पान झर्रकन उघडलं. मी मालन आत्याचं नाव टाकलं, उद्याची सकाळ निवडली आणि पाळी लागली. भिंतीवरची हिरवी रेघ केसभर खाली सरकली.

"बघा काकू," सर सुटल्यासारखे म्हणाले. "आता आलात तुम्ही."